पहाटे पंप कोण चालू करतं?

ऑरेंज नावाच्या गावात संत्री पिकत नाहीत, हे मधुवंतीला तिथं राहायला गेल्यावर कळलं. सफरचंदं पिकतात, चेरी पिकतात, द्राक्षं तर विचारूच नका. पण संत्र्याला तिथली थंडी सोसत नाही. मग गावाचं नाव असं का? तिनं घर दाखवणाऱ्या एजंटला विचारलं, बेकरीतल्या मुलीला विचारलं, लायब्ररीतल्या बाईंना विचारलं. प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं आणि मधुवंतीला भलताच आनंद झाला.

तिचा स्वभावच तसा. पॅरामॅटा शहरातल्या एका ऑफिसात ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. 'हे असं का होतंय' असं विचारण्याचाच तिला पगार मिळायचा. नचिकेतला, तिच्या नवऱ्याला, ऑरेंजजवळच्या खाणीत इंजिनिअरची नोकरी लागली, तिच्या ऑफिसनं घरून काम करायला हरकत घेतली नाही, आणि स्कोफिल्ड्समधलं, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातली फोडणी ऐकू येईल इतकं चिकटून असलेलं घर विकून ते दोघं आणि नऊ वर्षांची श्रिया डोंगरापलीकडं राहायला आले.

नव्या घराला स्विमिंग पूल होता. घर उतारावर होतं. वर घर, मध्ये पूल आणि त्याच्याही खाली, मागच्या कुंपणाला लागून, पत्र्याच्या आडोशाखाली पंप, फिल्टरची टाकी आणि आतड्यांसारखी वेटोळी घातलेली पांढऱ्या पाइपांची गर्दी. उन्हाळाभर श्रिया पाण्यातून बाहेर आली नाही. एप्रिल सरला, तिकडचा हिवाळा लागला, पाण्यात पाय घालवेना, तेव्हा नचिकेतनं पंप बंद करून टाकला. "आता रविवारी तासभर चालवायचा. बाकी सुट्टी," तो म्हणाला.

जूनमधली, ऐन हिवाळ्यातली एक सकाळ. नचिकेत खाणीवर होता. त्याची शिफ्ट सलग काही दिवसांची असायची आणि तेवढे दिवस तो तिकडंच राहायचा. मधुवंती चहाचं आधण ठेवून खिडकीशी उभी राहिली, तर सगळं अंगण पांढरं. गवताच्या पात्यापात्यावर दहिवर गोठलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही दारात पाहत होती ती. आणि त्या पांढऱ्या शांततेत खालून बारीक घरघर ऐकू येत होती. पंप चालू होता.

तिनं नचिकेतला फोन लावला. "तू पंप चालू ठेवून गेलास का?"

"नाही गं. तूच लावला असशील."

"मी त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाही."

"मग श्रियानं."

श्रिया कॉर्नफ्लेक्स चावत म्हणाली, "वॉझन्ट मी. मेबी इट्स अ घोस्ट."

मधुवंतीनं जाऊन पंप बंद केला आणि विषय सोडून दिला. सोडून दिला म्हणजे कामाला बसली तरी डोक्यात तोच घोळत राहिला.

पुढचे दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. पंप गप्प. मग एका रात्री आभाळ निवळलं, चांदण्या लख्ख दिसल्या, आणि सकाळी पुन्हा दहिवर, पुन्हा घरघर. या वेळी मात्र तिनं आधी गवताकडं पाहिलं. पांढऱ्या गवतावर पावलांचे हिरवे ठसे उमटले होते. जवळजवळ टाकलेली, आखूड पावलं; आणि त्यांच्या उजव्या अंगाला, पावलागणिक, एक छोटं गोल भोक. मागच्या कुंपणापासून पंपापर्यंत यायचे ठसे, आणि तसेच परत जायचे.

तिनं फोटो काढून नचिकेतला पाठवले. त्याचा लगेच फोन आला. तो घाबरला होता. "मधू, हे सीरियस आहे. घरात तू आणि श्रिया दोघीच. मी कॅमेरा मागवतो, आणि तू पोलिसांना कळव."

"काय कळवू? कुणीतरी येऊन आमचा पंप चालू करून जातं? अरे, चोर आला तर पंप उचलून नेईल. चालू करून जाईल का?"

"मग वेडा असेल कुणी."

"वेडाही नाही. ढगाळ असलं की येत नाही. दहिवर पडलं की येतो. येणाऱ्याला काहीतरी ठाऊक आहे, जे आपल्याला ठाऊक नाही."

तिला भीती वाटली नाही असं नाही. त्या रात्री तिनं सगळ्या कड्या दोनदा तपासल्या. पण भीतीपेक्षा कुतूहल वरचढ होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कुंपणापाशी गेली आणि फोटोत ठसे जिथं संपत होते तिथल्या फळ्या एकेक करून हलवून पाहिल्या. दोन फळ्या वरच्या खिळ्यावर नुसत्या लटकत होत्या. बाजूला सारल्या की माणूस तिरका होऊन सहज आत येईल. पलीकडं खालच्या घराचं परसू होतं. तिथं कोण राहतं हे तिला माहीत नव्हतं; धुराड्यातून धूर तेवढा दिसायचा. परसात मात्र देखणे वाफे होते, दोरी लावून आखल्यासारखे, आणि त्यांत हिरव्या पातीच्या रांगा.

पुढच्या निरभ्र पहाटे ती लाँड्रीच्या खिडकीमागं गोधडी पांघरून बसली. उजाडायला लागलं तशा दोन फळ्या हळूच सरकल्या. आधी काठी आली, मग जांभळा ड्रेसिंग गाऊन, मग लोकरीची टोपी. एक म्हातारी बाई! पायांत मेंढीच्या कातड्याचे बूट. पूल आणि पंपाभोवतीच्या जाळीच्या फाटकाची कडी कायद्यानं उंच बसवलेली असते, लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून. बाईंनी ती काठीच्या टोकानं सफाईनं उचलली. बटण दाबलं. मग पाइपवर तळवा ठेवून डोळे मिटून उभ्या राहिल्या, आतून पाणी धावतंय ना हे चाचपत असल्यासारख्या.

मधुवंतीनं दार उघडलं. "गुड मॉर्निंग!"

बाई इतक्या दचकल्या की काठी निसटली. मधुवंतीनं धावत जाऊन ती उचलून दिली. दोघींच्या तोंडून वाफा निघत होत्या.

"मला वाटलं तुम्ही सगळे उशिरा उठता," बाई म्हणाल्या. मग स्वतःचंच बोलणं कानावर पडल्यासारख्या लाजल्या. "सॉरी, डार्ल. मी नोरीन. खालच्या घरातली. मी निघतेच."

"अजिबात नाही," मधुवंती म्हणाली. "आधी चहा घ्या, आणि मला सांगा, का?"

नोरीननी आल्याच्या चहाचा पहिला घोट घेतला आणि विचारलं, "हे औषध आहे का?" पण कप खाली ठेवला नाही. मग हळूहळू सांगायला लागल्या.

या घराचा आधीचा मालक ग्रॅहम. बरीच वर्षं झाली, एका हिवाळ्यात तो बायकोला घेऊन फिरायला गेला आणि पंप बंद ठेवून गेला. कडाक्याची थंडी पडली. पंपात आणि उघड्यावरच्या पाइपांत साचलेलं पाणी गोठलं. "बर्फ झाला की पाणी फुगतं. प्लॅस्टिकला कुठं जागा असते फुगायला? पाइप फुटला." पण फुटला तेव्हा कुणालाच कळलं नाही, कारण आतला बर्फच बुचासारखा बसला होता. ऊन वर आलं, बर्फ वितळला, आणि पूल वर, पाइप खाली; सगळा तलाव त्या एका भेगेतून नोरीनच्या परसात रिकामा झाला.

"आणि तुमच्या पुलाचं पाणी मीठ घातलेलं, खारट," नोरीन म्हणाल्या. "माझा लसूण गेला."

तो साधा लसूण नव्हता. नोरीनचे वडील लावायचे तो. दर वर्षी काढलेल्या पिकातले चांगले गड्डे बाजूला ठेवायचे, त्यांच्या पाकळ्या पुढच्या वर्षी लावायच्या, असं साठ-सत्तर वर्षं चाललेलं. सुदैवानं स्वयंपाकाला म्हणून शेडमध्ये थोडे गड्डे टांगलेले होते, त्यावरून वंश राहिला.

"ग्रॅहम काय म्हणाला?"

"म्हणाला, 'नोरीन, लसूणच तर आहे.'" नोरीननी कपात पाहिलं. "त्यानंतर आम्ही बोललो नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. पण पुढच्या हिवाळ्यात मी पाहिलं, तर कुंपणाच्या दोन फळ्यांचे खालचे खिळे कुणीतरी काढलेले. पंपाचं बटणही पत्र्याच्या आडोशाच्या आतून बाहेर आणून बसवलेलं, माझा हात पोचेल असं. मला काय समजायचं ते समजलं. तेव्हापासून दहिवर पडलं की मी येते, पंप लावते. तो उठला की बंद करायचा. वाहतं पाणी सहजासहजी गोठत नाही."

मधुवंती चकित होऊन ऐकत होती. एवढी वर्षं दोन माणसं एकाच पंपाचं एकच बटण दाबत होती, आणि एकमेकांना गुड मॉर्निंगसुद्धा म्हणत नव्हती! ग्रॅहमची बायको वारली, गुडघे दुखायला लागले, तेव्हा तो घर विकून उबेच्या ठिकाणी, कॉफ्स हार्बरला, मुलीजवळ राहायला गेला.

"पण तुम्ही आमचं दार का नाही वाजवलंत?"

"काय सांगणार होते? 'नमस्कार, मी तुमच्या अंगणात चोरून शिरते'? नव्या माणसांच्या घरात नाक खुपसणं बरं दिसत नाही, डार्ल."

आमच्याकडं नवीन कुणी राहायला आलं की शेजारीण पहिल्याच दिवशी नाक, कान, हात सगळं खुपसते, असं मधुवंतीच्या अगदी जिभेवर आलं होतं.

नचिकेत परतल्यावर त्यानं पंपाला टायमर बसवला, पहाटेचे थंड तास पंप आपोआप चालेल असा. कॅमेऱ्याची ऑर्डर रद्द केली. नोरीनना आता यायचं कारण उरलं नाही, तरी त्या अधूनमधून त्या औषधासाठी यायच्या.

ऑगस्टमध्ये मात्र टायमरचाही उपयोग झाला नाही. दिवसभर वादळी वारा सुटला होता, मध्येच बर्फाचे चुकार कण पडून गेले, आणि दुपारी कुठंतरी झाडं तारांवर कोसळून अर्ध्या गावाची वीज गेली. संध्याकाळी वारा पडला, ढग पांगले आणि आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं. मधुवंतीला आता त्या स्वच्छपणाचा अर्थ कळत होता. नचिकेत खाणीवर. विजेच्या कंपनीचा मेसेज आला होता: उद्या दुपारपर्यंत वाट पाहा.

नोरीन या वेळी पुढच्या दारानं आल्या. "पंप चालणार नाही," त्या म्हणाल्या. "मला बटण दाबण्यापलीकडं काही येत नाही."

"चालवता येत नसेल, तर रिकामा करता येईल," मधुवंती म्हणाली. "पाणीच नसेल तर गोठेल काय?"

विचार सरळ होता, पण पंपापाशी गेल्यावर तो तसा राहिला नाही. श्रियानं टॉर्च धरला. मधुवंती एकेका पाइपवरून बोट फिरवत निघाली. हा पुलातून येतो, हा पंपात शिरतो, हा टाकीत, हा परत वर जातो. मध्ये व्हॉल्व्ह, काही उघडे, काही बंद, कुठले कशाचे देव जाणे. पंपाचं बूच आधी काढलं आणि वरचा व्हॉल्व्ह उघडाच असला, तर अख्खा पूल तिच्याच हातानं नोरीनच्या लसणावर सोडल्यासारखं होणार. मोबाइलवर काही शोधावं तर नेटवर्क नुसतंच गोल गोल फिरत होतं. फोन तेवढा लागत होता. नचिकेतला लावून पाहिला, तर तो जमिनीखाली, उचलणार कुठून?

"हे पाइप ग्रॅहमनं स्वतः जोडले होते," नोरीन म्हणाल्या.

"त्याचा नंबर आहे तुमच्याकडं?"

नोरीननी गाऊनच्या खिशातून फोन काढला, बराच वेळ त्याकडं पाहिलं आणि बटण दाबलं. स्पीकरवर घंटी वाजत राहिली.

"नोरीन?" पलीकडून जाडसर आवाज आला. "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. आधी कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा?"

मग ग्रॅहमनं विचारलं, "लाइट गेलीय?" आणि उत्तराची वाट न पाहता सांगायला लागला. "टाकीच्या डावीकडं दोन मुठी आहेत. पाइपला आडव्या करायच्या, आडव्या म्हणजे बंद. दोन्ही झाल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही."

पहिली मूठ फिरली. दुसरी जागची हलेना. मधुवंतीनं दोन्ही हातांनी जोर लावला, श्रियानं लावला, नोरीननी काठीनं ढकललं. "आमच्याकडं गॅस आहे," मधुवंती म्हणाली. "पाणी उकळून आणते."

"उकळतं नको!" ग्रॅहम फोनमधून ओरडला. "तडकेल! कोमट. तान्ह्या मुलाला आंघोळीला घ्याल तसं."

श्रिया हसली. "ही साउंड्स लाइक आजी."

कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल मुठीभोवती गुंडाळून त्या थांबल्या. बोटं बधिर झाली होती. थोड्या वेळानं पुन्हा जोर लावला आणि मूठ कुरकुरत आडवी झाली. मग पंपाचं झाकण उघडायचं, तळाची दोन बुचं काढायची, मग टाकीच्या बुडाशी असलेलं मोठं बूच. पंपातलं पाणी बादलीत मावलं. टाकीतलं काही मावेना. ते भळाभळा वाहत सुटलं, मधुवंतीच्या बुटांवरून थेट कुंपणाच्या दिशेनं.

"इकडं नको!" नोरीन किंचाळल्या. "नॉट माय गार्लिक!"

"फावडं!" मधुवंती म्हणाली.

नोरीन ज्या चपळाईनं फळ्यांतून पलीकडं जाऊन फावडं घेऊन आल्या, ती चपळाई त्या काठीच्या बाईत असेल असं कुणाला वाटलं नसतं. मधुवंतीनं कुंपणाच्या अलीकडं जमीन उकरली, श्रियानं टॉर्च दातांत धरून हातांनी माती सारली, आणि वाकडातिकडा पाट तयार झाला. पाणी थबकलं, वळलं आणि कुंपणाच्या कडेनं बाजूच्या गटाराकडं निघालं. थोडं मात्र आधीच कुंपणाखालून गेलं होतं.

"झालं का?" ग्रॅहम फोनमध्ये विचारत होता. "हॅलो? काय चाललंय तिथं? कुणी सांगेल का मला?"

नोरीननी फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि कुंपणापाशी जाऊन, पाठ फिरवून बोलू लागल्या. मधुवंतीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. फक्त एकदा त्या मोठ्यानं हसल्या. शेवटी श्रियाचे दात वाजायला लागले, तशी मधुवंती तिला घेऊन आत गेली.

सकाळी पुलावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. श्रियानं बोटानं टोचला तर त्याला चांदणीसारखी भेग पडली. ती शाळेला उशीर होईपर्यंत तेच करत बसली. पंप शाबूत होता. टाकी शाबूत होती. पूल काठोकाठ भरलेला होता. पण मिठापासून क्लोरिन तयार करणारी एक पारदर्शक नळी पाइपमध्ये बसवलेली असते, तिच्यातलं पाणी काढायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. ती लांबीभर तडकली होती. मधुवंतीनं फोटो ग्रॅहमला पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं: ते राहिलंच की! माझी चूक.

दुपारी वीज आली. नळी नवी येईपर्यंत क्लोरिन हातानं टाकायचं ठरलं. बुचं लावून, मुठी सरळ करून मधुवंतीनं पंपात पाणी ओतलं आणि बटण दाबलं. पंप आधी कोरडा खोकला, गुळण्या केल्यासारखा गुरगुरला, आणि मग आतून पाणी धावू लागलं. तिनं पाइपवर तळवा ठेवला. बारीक थरथर हाताला लागली.

नोरीन कुंपणाच्या पलीकडं वाफ्यात वाकल्या होत्या. मधुवंती फळ्या सारून पहिल्यांदाच तिकडं गेली. कडेच्या रांगेपर्यंत खारं पाणी आलं होतं. नोरीन सकाळपासून तिथं बादल्या-बादल्या गोडं पाणी ओतत होत्या, मीठ खाली धुऊन जावं म्हणून.

"वाचेल?" मधुवंतीनं विचारलं.

"ही रांग सांगता येत नाही. बाकीचा वाचला." नोरीन काठीवर भार देऊन उठल्या. "ग्रॅहमनं मागितलाय. थोडे गड्डे पाठव म्हणतो, तिकडं लावून बघतो म्हणतो. शेडमध्ये गेल्या साली काढलेले उरलेत, कोंब यायला लागलेत."

"कॉफ्स हार्बरला लसूण येतो?"

"याला गारठा लागतो, डार्ल. गारठा नाही मिळाला तर गड्डाच धरत नाही. तिथं कुठला गारठा!"

"मग तुम्ही त्याला सांगितलंत?"

"त्याला माहीत आहे," नोरीन म्हणाल्या. त्यांनी हातांची माती गाऊनला पुसली. "तुझ्याकडं एखादा रिकामा खोका आहे का? फार मोठा नको. भोकं पाडायला हवीत, नाहीतर वाटेत कुजतील."

मधुवंती खोका शोधायला गॅरेजकडं गेली.